मागे सरकणारे पाय

माझा स्वभाव संशयी आहे, आणि लाखनीच्या आमच्या शाळेत बावीस वर्षं पेपरावर पहारा देऊन तो सुधारलेला नाही. सहामाहीत विज्ञानात काठावर पास झालेली दहावीची करुणा सराव परीक्षेत त्याच विषयाच्या पहिल्या पेपरात चाळीसपैकी चौतीस गुण घेऊन गेली, तेव्हाच पाणी कुठेतरी मुरतंय हे मी ओळखलं.

दुसऱ्या पेपराला मी तिच्या बाकापासून हललो नाही. हात साफ, कंपासपेटी साफ. पण लिहिताना तिचे पाय बाकाखाली मागे सरकत होते. एक ओळ लिहायची, पाऊल मागे. पुन्हा ओळ, पुन्हा पाऊल. चिठ्ठी चपलेत आहे, याची मला खात्रीच पटली. चपला काढायला लावल्या, उलटसुलट करून पाहिल्या. काही सापडलं नाही, म्हणून संशय आणखी वाढला. चपला टेबलाच्या खणात टाकल्या आणि बजावलं, "उद्या आईला घेऊन ये. नाहीतर पेपरावर शून्य."

दुसऱ्या दिवशी तिची आई उषाबाई उन्हाळी धानाची रोवणी अर्धी टाकून आली. पोटऱ्यांवर चिखल वाळलेला. करुणा अनवाणीच होती.

"ग्लुकोज-विघटन सांग," मी म्हणालो. काल तिने हेच उत्तर अचूक लिहिलं होतं.

करुणा उत्तर सोडून टेबलाच्या खणाकडे बघत राहिली. सापडली, असं मला वाटलं, आणि खोटं कशाला सांगू, बरंही वाटलं.

तेवढ्यात उषाबाईने कमरेत वाकून एक पाऊल मागे घेतलं. "ग्लुकोजच्या एका रेणूचे टप्प्याटप्प्याने विघटन होते." आणखी एक पाऊल. "पायरुविक आम्लाचे दोन रेणू तयार होतात."

मी विचारलं, "तुम्ही कितवीपर्यंत शिकलात?"

"मले वाचता नाही येत जी, सर. पोरगी सुट्टीच्या दिवशी माह्यासंगं रोवणीले येते. एक ओळ ते सांगते, मंग दोघी म्हणतो. रोप लावलं का पाय मागं, ओळ म्हटली का पाय मागं. सारं पुस्तक असंच पाठ करून राहिलो आमी. शून्य नका देऊ जी."

"मग कालच का नाही सांगितलंस?" मी करुणाला विचारलं.

"तुमी विचारलंच नाही, सर. चपलाच पाह्यल्या."

मला लाज वाटली. खण उघडून चपला काढल्या आणि वाकून तिच्या पायांशी ठेवल्या. ती घाबरून एक पाऊल मागे सरकली.