खंडेनवमीला पाटावर बसलेला डावा बूट

या रे मित्रांनो, बसा असे माझ्यापुढं. जॅकेटं काढा आणि ऐका. अशी गोष्ट सांगतो की तुमचे ते चकचकीत सॉकर शूज लाजून टेबलाखाली जातील!

मी एक जुना बूट आहे. डावा. वय शंभराच्या वर, आवाज अजून खणखणीत.

हॉलंडातल्या एका चांभारानं मला शिवलं. जाड कातडं, टणक नाक, तळाला ठोकलेल्या खुंट्या. मालक माझा हेंक. आठवडाभर बेकरीत पाव भाजायचा, रविवारी मैदान गाजवायचा. मग देशाचा नारिंगी शर्ट अंगात आला. बेल्जियमशी मॅच, धो धो पाऊस. बॉल पाणी पिऊन धोंड्यासारखा जड. शेवटच्या घटकेला तो आला माझ्याकडं, आणि मी असा हाणला की गोलकीपर बघतच राहिला! लोकांनी हेंकला खांद्यावर घेतलं. खाली उतरल्यावर त्यानं चिखल आधी माझा पुसला, मग स्वतःच्या तोंडाचा. असा मालक!

पुढं त्याचा गुडघा गेला. लढाया झाल्या. म्हातारपणी लेकाबरोबर बोटीनं कॅनडात आला, इथं केंब्रिजजवळ, गाईंच्या फार्मवर. माझा उजवा भाऊ वाटेतच हरवला. हेंक होता तोवर मला तेल मिळायचं. तो गेला आणि मी गोठ्याच्या दाराला टेकण म्हणून पडलो. वाळलो, तडकलो.

यंदा त्याची नात विल्मा, आता तीही म्हातारी, घर विकून सीनियर्स होममध्ये निघाली. मला खोक्यात घालून रस्त्याकडेला ठेवलं. गार्बेज ट्रक येणार, संपलं! तर शेजारच्या केयानं मला उचललं. सॉकर खेळते पोरगी, तीही डाव्या पायाची. थेट घरात नेऊन देवापुढच्या पाटावर ठेवलं. तिथं तिच्या डॉक्टर बाळआजोबांचा स्टेथोस्कोप, ड्रिल, बर्फ उपसायचं स्नो शोव्हल मांडलेलं.

"अगं ए! कुणाचं खेटर हे?" तिची शोभाआजी ओरडली. "खंडेनवमीची पूजा आहे! ट्रक यायच्या आत टाकून ये."

"बट आजी, इट्स अ टूल! आजोबांचा स्टेथोस्कोप चालतो, मग हा का नाही?"

बाळआजोबा मिशीत हसले. "स्टेथोस्कोप कुठंकुठं लागून आलाय ते मला विचार. त्यापेक्षा बूट परवडला."

"तुम्ही गप्प बसा हो!"

तेवढ्यात विल्मा निरोप घ्यायला दारात आली. मला बघून थबकली.

"माझ्या आजोबांचा आहे," ती इंग्रजीत हळूच म्हणाली. "बेल्जियमला गोल मारला होता यानं. माझ्या मुलांना नकोय."

बाहेर ट्रक करकरत थांबला. आजी माझ्याकडं बघत राहिली. मग आत गेली, खोबरेल घेऊन आली, अंगठ्यानं माझ्या नाकाला चोळलं. वर हळदकुंकू, एक शेवंतीचं फूल.

"पूजा झाली की सगळ्यांनी हात धुवायचे!" ती गुरगुरली.

ट्रक गेला. मी पाटावर! देशाचा शर्ट मिळाला तेव्हा हेंकची छाती फुगली होती ना, तशी माझी फुगली.

तर मित्रांनो, जुनी वस्तू रस्त्याकडेला ठेवायच्या आधी विचारा, ही कुणाच्या हातापायात होती? वर्षाकाठी तिला बोटभर तेल लावा. आणि शनिवारी गोल मारलात ना, की चिखल आधी बुटाचा पुसा. तोंडाचा मागनं.