बेनोनीचं बारसं

पोराचं तोंड बघायचं नाही, पण नाव मात्र आपणच ठरवायचं, असला बाप कस्तुराबाईंनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. आणि तो नेमका त्यांच्याच पोटी निपजला होता. बालाजी दर रविवारी लातूरहून एसटीनं मुखेडला यायचा, दुधाच्या पावडरीचे दोन डबे ओट्यावर ठेवायचा आणि झोळीकडं पाठ करून बसायचा. लेकरू रडलं की चप्पल घालून पाराकडं चालू लागायचा.

"त्याच्यापेक्षा आपला कंडक्टर बरा," कस्तुराबाई लेकीला, अंबिकाला म्हणायच्या. "त्यो निदान विचारतो तरी, लेकरू कसं हाय म्हणून."

दीड महिना झाला होता. बालाजीची बायको सुकन्या लातूरच्या एका दवाखान्यात नर्स होती. लोकांची शेकडो बाळंतपणं तिनं उभं राहून केली, आणि स्वतःच्या बाळंतपणात रक्त थांबेना म्हणून दोन तासांत गेली. ख्रिस्ती घरची पोर. लग्नानंतर दोन वर्षं कस्तुराबाईंनी तिच्या हातचं पाणी घेतलं नव्हतं. सातवा लागला तेव्हा राहवेना म्हणून चोळी-बांगड्या घेऊन लातूरला गेल्या. तिनं सासूसाठी ज्वारीच्या भाकरी थापल्या होत्या, सगळ्या कडेनं फाटलेल्या.

"भाकर हाय का नकाशा गं?" असं म्हणून कस्तुराबाईंनी चार खाल्ल्या. सुकन्या पदरानं तोंड झाकून हसत होती. सासूसुनेच्या वाट्याला तेवढा एकच दिवस आला. आता तव्यावर भाकर टाकली की कस्तुराबाईंना धूर लागल्यासारखं व्हायचं.

मागच्या रविवारी बालाजी ओट्यावरूनच म्हणाला होता, "माय, पोराचं नाव बेनोनी ठेवायचं. सुकन्याच्या शास्त्रातलं हाय."

"काय म्हनलास?"

"बेनोनी. माझ्या दुःखाचा पोरगा, असा अर्थ हाय."

शेजारच्या नागुबाईनं भांडी घासायची थांबवली. आता म्हातारी तोफ डागणार, असंच तिला वाटलं. पण कस्तुराबाईंचा चेहरा उलट सैल झाला. त्यांची पहिली दोन पोरं वर्षाची व्हायच्या आत गेली होती. तिसरा झाला तेव्हा सासूनं त्याला सुपात घालून उकिरड्यावर नेऊन ठेवला, शेजारणीनं पसाभर ज्वारी देऊन विकत घेतला आणि नाव ठेवलं दगडोबा. चांगल्या नावावर मरणाची नजर जाते. दगडाला कोण उचलून नेतंय? तो दगडोबा आज पन्नाशीला आला होता. खताच्या दुकानात पोरं त्याच्या नावाला हसायची, पण तो हसणाऱ्यांना पुरून उरला होता.

"मग लई चांगलं नाव हाय की," कस्तुराबाई म्हणाल्या. "त्यांच्या देवाच्या घरीबी दगडोबा असतेत म्हणायचं. आई गेली, आता लेकरावर डोळा नको कुणाचा." आणि आठ दिवस त्यांनी गल्लीभर ते नाव मिरवलं. दुसरीतून शाळा सुटलेली जीभ आधी अडखळली. मग दुधाच्या बाटलीबरोबर रोज घोकून घोकून वळली. अंबिकाकडूनही घोकून घेतलं. कानात नाव सांगायचा मान आत्याचा होता.

बारशाच्या दिवशी सुकन्याची आई लातूरहून आली. एस्तरबाई बोलायला हळू, बसायला कडेला. तिनं नातवाला मांडीवर घेतलं, पायाची बोटं एकेक मोजल्यासारखी चाचपली. कस्तुराबाई तिच्याजवळ टेकल्या.

"इहिणबाई, तुमचा मान राखलाय बघा. तुमच्याच शास्त्रातलं नाव हाय. बेनोनी."

एस्तरबाईची बोटं थांबली. "कुणी काढलं?"

"बापानं. कामून? वाईट म्हणून भ्याल्या का? आवो, आमच्यात वाईटच ठेवतेत. मरणाला फसवाया."

"हे फसवायचं नाव न्हाई, कस्तुराबाई." एस्तरबाईचा आवाज आणखी खाली गेला. "राहेल म्हणून एक बाई होती. प्रवासात, वाटेवरच बाळंत झाली आन् गेली. जीव जाता जाता तिनं लेकराला ते नाव दिलं. पण बापानं राहू दिलं न्हाई. त्यानं बन्यामीन केलं, उजव्या हाताचा लेक. आमच्यात बन्यामीन गावोगाव सापडतील. बेनोनी मी साठ वर्षांत एक बघितला न्हाई. कोण हाक मारील लेकराला अशी?"

कस्तुराबाईंनी दाराकडं पाहिलं. बाहेर दगडोबा पोराटोरांना घुगऱ्या वाटत होता, कुणाला तरी "ओंजळ कर की नीट" म्हणून दटावत होता. त्याच्या नावानं त्यांनी मरणाला थाप मारली होती. आणि हे नाव? हे तर लेकराला रोज उठून खरं सांगणार होतं: तू आलास आणि आई गेली. आणि आपण ते आठ दिवस गल्लीभर मिरवलं!

तोवर बाया जमल्या. कुंकू लावलेला वरवंटा झोळीखालून या हातातून त्या हातात गेला. नागुबाईनं पाळणा म्हटला. अंबिकानं हाताचा आडोसा केला आणि लेकराच्या कानाशी वाकली. एकदा कानात गेलेलं नाव माघारी काढता येत नाही, हे तिथल्या प्रत्येकीला ठाऊक होतं.

कस्तुराबाईंनी पुढं होऊन लेकराच्या कानावर तळवा ठेवला.

"माय, हात काढ की," अंबिका कुजबुजली.

"सरक तू. बालाजीला बोलवा आत."

तो उंबऱ्यापर्यंत आला. नजर बायांच्या डोक्यावरून भिंतीवर.

"सुकन्यानं सांगितलं होतं का हे नाव?"

"तिला बोलायलाच कुठं आलं, माय."

"मग दुःख कुणाचं? तिचं का तुझं?"

"माझं. त्याच्याकडं बघायला गेलो की ती टेबलावरची दिसती. बघवत न्हाई मला."

"नाक कुणाचं हाय त्याचं? सांग."

एस्तरबाईनं पदर तोंडात धरला.

"सांग की. बाप हाईस ना?"

"मला... म्हाईत न्हाई."

"तिचं हाय. हसताना उजवीकडं मुरडतं, तसंच. दीड महिना मी रोज बघून राहिले, आन् बघून रडून राहिले." कस्तुराबाईंनी लेकराला झोळीतून उचललं, कानावरचा हात मात्र काढला नाही, आणि उंबऱ्याशी जाऊन लेकासमोर उभ्या राहिल्या. "आता ऐक. मी दगडूला दगड म्हनले, त्यानं जगावं म्हणून. तू ह्याला दुःख म्हनून राहिलास, त्यानं जन्मभर मान खाली घालावी म्हणून. बायकोसाठी रड, लई रड, मी अडवायची न्हाई. पण तिला ह्यानं न्हाई मारलं, आन् मी जिती असेस्तवर त्याच्या कानात तसलं काही जायचं न्हाई. आधी हात पुढं कर आन् त्याचं तोंड बघ. मग तुझ्या तोंडानं नाव ठेव, त्यांच्या शास्त्रातलं ठेव न्हाईतर आपल्यातलं ठेव. तोवर बिननावाचं राहू दे त्याला, बाया घुगऱ्या खाऊन घरी जातील. हे बापाचं वागणं न्हाई, बालाजी. हा सूड हाय, आन् तू तो वितभर लेकरावर काढून राहिलास."