दैवानैच्या जोड्या

कोइंबतूरमध्ये सूतगिरण्यांचे ड्राइव्ह दुरुस्त करणारे पन्नासजण तरी असतील, पण दैवानैच्या हातून गेलेला ड्राइव्ह पुन्हा बिघडून येत नाही, हे गिरणीगिरणीत ठाऊक होतं. तिलाही ठाऊक होतं, आणि तिथंच घात झाला.

ड्राइव्ह म्हणजे मोटारीचा वेग राखणारी लोखंडी पेटी. तिच्या पोटात डब्यांएवढे, वीज साठवणारे कपॅसिटर दोन-दोन एकापुढे एक जोडलेले असतात, कारण आतला सहाशे व्होल्टचा दाब एकट्याला झेपत नाही. दोघांनी निम्मा निम्मा उचलायचा. पण दोन कपॅसिटर कधी सारखे निघत नाहीत. एक जास्त गळतो, मग दुसऱ्याच्या डोक्यावर जास्त बोजा पडतो आणि तो फुगून फुटतो. म्हणून प्रत्येकाच्या अंगाला एकेक रेझिस्टर लावतात, वाटणी सारखी ठेवायला. हे रेझिस्टर दिवसभर तापतात, बोर्ड काळा करतात, त्यांचा डाख सुटतो. दैवानैला त्यांचा मनस्वी राग.

"आळशी माणसाची सोय आहे ती," ती म्हणायची. ती स्वतः कपॅसिटर दोन-दोन दिवस दाबाखाली ठेवायची, प्रत्येकाची गळती मोजायची आणि अगदी कमी गळणारे, अगदी सारखे निघालेले निवडून त्यांच्या जोड्या लावायची. पत्रिका जुळवणाऱ्या भटजीलाही एवढी चिकाटी नसेल. अशा जोड्यांना रेझिस्टर कशाला? दोन वर्षं तिनं ते लावलेच नव्हते, आणि एकही जोडी फुटली नव्हती.

बुधवारी दुपारी ती सरकारी दवाखान्यात रासप्पनच्या खाटेशी जाऊन उभी राहिली. रासप्पन गिरणीतला फिटर, अठरा वर्षं तिच्याकडे ड्राइव्ह घेऊन येणारा. सोमवारी त्यानं तिनंच दुरुस्त केलेला ड्राइव्ह उघडून पान्हा लावला आणि आतून जाळ उसळला. वितळलेलं तांबं तोंडावर उडालं. उजवा डोळा गेला होता. डावा राहील की नाही, ते पट्टी सोडल्यावर कळणार होतं.

"अक्का ना? डाखाचा वास आला," तो म्हणाला. "ओरडायचं तर ओरड. पूंकोडीचं ओरडून झालंय."

त्याची बायको पूंकोडी खाटेच्या पायथ्याशी बसली होती.

"ओरडू नको तर काय ओवाळू?" दैवानै कडाडली. "मेन काढल्यावर पाच मिनिटं थांबायचं, हे तुला मी सांगायचं? पाटी लिहिलेली असते पेटीवर!"

"मला वाटतं, थांबलो होतो. दोनला दहा कमी असताना मेन काढला. पेटीवरचा आकड्यांचा पडदा काळा झाला. वडा खाल्ला, हात धुतले, दोनचा भोंगा झाला तेव्हा पेटी उघडली."

"मीटर लावून बघितलास?"

"मीटर दुसऱ्या खात्यात नेला होता. ती माझीच चूक. पण दहा मिनिटांनी आत काय उरतंय, म्हटलं. मग जाळ झाला कसा, अक्का? म्हणजे थांबलो नसणारच. मॅनेजर म्हणतात, अशा धक्क्यानं माणसाला भलतंच आठवतं. वीस पोरांना मी शिकवलं, थांबा म्हणून, आणि स्वतःच माती खाल्ली."

रेझिस्टरचं दुसरं एक काम असतं, ते दैवानैला आत्ता आठवलं. वीज गेली की पडदा अर्ध्या दाबालाच विझतो. त्याखाली कपॅसिटरमध्ये साठून उरलेला दाब पाच मिनिटांत रिकामा करतात ते हेच तापणारे, बोर्ड काळा करणारे रेझिस्टर. ते नसले तर दाब कपॅसिटरच्या स्वतःच्या गळतीनंच ओसरायचा, आणि तिच्या जोड्या तर गळतच नव्हत्या. जोडी जितकी चांगली, तितका वेळ मरण आत दबा धरून बसणार.

"हा कागद बघ," रासप्पन म्हणाला. "गिरणीनं दिलाय. माझ्या घाईमुळे अपघात झाला, असं लिहिलंय. सही केली की गेटवर खुर्चीत बसायची नोकरी देतील. चारला कारकून तो न्यायला येणार आहे. तू माझा हात धरून जागा दाखव."

खोटं कशाला बोलायचं, तिनं त्याचा हात धरला. कागदावर नेलासुद्धा. कुणाला काही कळणार नव्हतं, आणि त्याला खुर्ची मिळणार होती. त्यानं चाचपडत पहिलं अक्षर काढलं, तसा तिनं कागद ओढून घेतला.

"तू थांबला होतास, रासप्पा. मी रेझिस्टर लावले नव्हते."

तो कामातला माणूस, दोन वाक्यांत त्याला सगळं कळलं.

"म्हणजे मी थांबलो होतो?"

"होतास."

"पूंकोडी, ऐकलंस? दहा मिनिटं थांबलो होतो मी!" तो रडायला लागला, आणि पट्टी भिजू नये म्हणून पूंकोडी त्याचे गाल पुसत राहिली. मग तिनं दैवानैनं आणलेली मोसंबी उचलून दैवानैच्याच हातात परत दिली.

"जा तुम्ही," ती म्हणाली. आजवर ती दैवानैला अक्का म्हणायची.

"थांब," रासप्पन म्हणाला. "असे किती दिलेस?"

"काय किती?"

"रेझिस्टर नसलेले ड्राइव्ह."

दैवानैच्या डोक्यात आतापर्यंत हा एकच ड्राइव्ह होता. तिनं मनात एकेक गिरणी आठवली.

"एक्केचाळीस."

"आणि तू इथं मोसंबी घेऊन बसलीस?"

ती व्हरांड्यात धावली. पहिल्या गिरणीतला फिटर हसून म्हणाला, "तुझ्या ड्राइव्हला उघडायची वेळच येत नाही, अक्का." "उघडू नका," ती म्हणाली आणि पुढचा नंबर लावला. सहाजणांना सांगून झालं. सातवा नंबर पोल्लाचीच्या गिरणीतल्या वेट्रिवेलचा होता. फोन कुणा दुसऱ्यानंच उचलला.

"वेट्रिवेल? तो मे महिन्यात गेला की, अक्का. ड्राइव्ह उघडताना. चांगला माणूस, पण घाई केली त्यानं."