पाचवीचं लोखंड

पात्यावर एकही डाग नव्हता, आणि तीच तर अडचण होऊन बसली होती. खिडकीतून आलेलं सकाळचं ऊन पात्यावर पडून थेट छतावर गेलं होतं, तिथे एक लांबट कवडसा थरथरत होता, आणि आई, रमाबाई, त्या कवडशाकडे न बघता पात्याच्या पाठीवरून बोट फिरवत होती, तांदळात खडा लागतो का बघावं तसं. मग तिनं चाकू जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि थोडा लांब सरकवला.

“हे लोखंड नाही रे, आलोक. हे स्टील हाये.”

“आई, स्टील म्हणजे लोखंडच असतं.” तो उठला, फ्रिजवरचं चुंबकाचं फुलपाखरू काढून आणलं, पात्याला लावलं. “बघ. चिकटलं.”

“चिकटू दे. गंजते का?”

नाही. गंजत नाही. गंजू नये म्हणूनच तर हा निवडला होता, बँकेतल्या जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर एकेका चाकूची चिरफाड करणारे व्हिडिओ बघून बघून. शनिवार-रविवार जंगलात जाण्याचं त्याचं वेड हा आदिलाबादेतल्या नातेवाइकांत चेष्टेचा विषय होता. घरी गॅस असताना हा गडी रानात जाऊन ओल्या बांबूच्या चोयांवर चहा उकळतो, म्हणायचे. तो हसून सोडून द्यायचा. पण चाकूच्या बाबतीत चेष्टा खपवून घेत नसे. मिटणारा नको, बिजागरी ऐनवेळी दगा देते; पात्याचं लोखंड मुठीतून शेवटापर्यंत गेलेलं असावं; पाठ चौकोनी असावी, म्हणजे ठिणगीच्या कांडीवर घासून आग पाडता येते; आणि कार्बन की स्टेनलेस... हा तर रानात जाणाऱ्या मंडळींतला कधीही न मिटणारा वाद. कार्बनला झटकन धार लागते, पण ओल लागली की डाग धरतं. स्टेनलेसचं सगळं उलट. त्यानं पुष्कळ विचार करून स्टेनलेस घेतला होता. आणि आता हा वाद जन्मात कधी न ऐकलेली त्याची आई एका प्रश्नात पलीकडच्या बाजूला जाऊन बसली होती.

आज पाचवी होती. सातव्या महिन्यातच घाई करून आलेलं बाळ दवाखान्यात काचेच्या पेटीत होतं, तोंडात नळी, छाती यंत्राच्या तालावर वरखाली होणारी, आणि डॉक्टर रोज तेच सांगत होते, आत्ताच काही सांगता येत नाही. तरी पाचवी चुकवायची नव्हती. आज सटवाई येते, कपाळावर लिहून जाते; तिच्या मागोमाग दुसरं काही वाईट घरात शिरू नये म्हणून पाट्यावर तिच्यासोबत धारेचं लोखंड पूजायचं आणि मग ते बाळंतिणीच्या उशाशी ठेवायचं. उसनं आणलेलं चालत नाही. बापानं आणायचं, नवं. या घरात तसंच चालत आलं होतं, आणि घरात स्वतःचं म्हणावं असं जुनं लोखंड उरलंही नव्हतं. विळीपासून झाऱ्यापर्यंत सगळं चकचकीत होतं.

“दवाखान्यात चाकू नेऊ देणार आहेत का मला?” त्याचा आवाज उगाचच चढला.

“पेटीजवळ नाही ठिवू देत, मालूम हाये मले. अदितीच्या उशाशी ठिव, फडक्यात गुंडाळून. माय-लेकराचं एकच असते.” आणि मग, त्याच्याकडे न बघता, “मिटणारं आणू नको. पातं मिटलेलं असलं तर ते जागं कसं राहीन?”

खुर्चीत वर्तमानपत्र धरून बसलेले हणमंतराव, त्याचे वडील, तहसील कचेरीत उभा जन्म घालवलेले, ‘पुरावा दाखवा’ हे ज्यांचं घरातसुद्धा आवडतं वाक्य, त्यांनी पान न उलटता म्हटलं, “आणून दे बाबा. काही बिघडत नाही.” त्या आवाजानंच तो गारठला. बाबा घाबरले होते. बाबांनी सटवाईला पुरावा मागितला नव्हता.

तो निघाला. वाटेत दवाखाना लागत होता म्हणून आत गेला. लागत होता म्हणून? नाही, टाळता आला नाही म्हणून. अदिती वॉर्डात भिंतीला टेकून बसली होती, हातात छोटी वाटी, वाटीत तळ झाकेल न झाकेल इतकं अंगावरचं दूध. तिच्या डोळ्यांखाली कोणी बोटानं काजळ पुसल्यासारखं झालं होतं.

“बघितलंस तिला?”

“हो. ऑक्सिजन नव्वदच्या वर आहे. काल संध्याकाळपेक्षा बरं आहे.”

“मी ते नाही विचारलं,” ती म्हणाली, आणि वाटी झाकण्यात गुंतली.

मग काय विचारलं होतं? जिन्यावरून उतरताना तो चिडला होता, तिच्यावर, वाटीवर, जिन्यात पसरून बसलेल्या माणसांवर. आकडे हीच तर एक धरण्यासारखी गोष्ट होती. जंगलात हरवलं तर आधी काय आहे आणि काय नाही ते मोजायचं, मग पाणी, मग आडोसा, मग आग, आणि घाबरायचं सगळ्यात शेवटी. हे तो रानात सोबत येणाऱ्या नव्या पोरांना शिकवायचा. पहिल्या दिवसापासून तो तसाच वागत होता. पेटीसमोर उभं राहिलं की नजर थेट यंत्राच्या पडद्यावर, तिथून तारेवर, तारेवरून औषधाच्या बाटलीवर... शहाण्या माणसानं असंच वागावं.

हार्डवेअरच्या दुकानात विळ्यांचा ढीगच पडला होता. सुगीच्या दिवसांत प्रत्येक दुकानात असतो तसा. एक उचलला असता तर आईचं काम पाच मिनिटांत झालं असतं. लोखंड, धार, नवं, न मिटणारं, सगळं होतं त्यात. त्यानं विळा उचललासुद्धा. मग ठेवून दिला. विळ्याची मूठ सैल होती, विळा बाळंतिणीच्या उशाशी बरा दिसत नाही, विळ्याचं टोक... कारणं भराभर येत गेली, आणि त्यांच्या मागून एक दुसरंच कारण चोरपावलांनी येत होतं, त्याच्याकडे त्यानं पाहिलं नाही.

“चाकू दिखाऊं साब?” दुकानदारानं काचेतून चार-पाच काढून मांडले. “फर्स्ट क्लास माल. जिंदगी में जंग नहीं पकड़ेगा.”

“जंग पकड़ने वाला चाहिए.”

दुकानदारानं त्याच्याकडे नीट पाहिलं, मग आतल्या नोकराला तेलुगूत काहीतरी म्हणाला आणि दोघंही हसले. आलोकलाही हसू आलं, भलत्या ठिकाणी येतं तसं, पोटातून, आवरता न येणारं. तो रस्त्यावर आला तेव्हा डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते हसण्याचंच आहे असं त्यानं ठरवून टाकलं.

शहराबाहेर जैनथ गावात देवाजी लोहार बसतो, शेतकऱ्यांची अवजारं करतो, हे त्याला ठाऊक होतं. ट्रकच्या स्प्रिंगच्या पट्ट्यांतून तो चाकूही घडवतो असं जंगलातल्या सोबत्यांकडून ऐकलं होतं. मोटरसायकल त्या रस्त्याला लागली आणि त्याला एकदम हलकं वाटलं. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, बायका ओटी बांधून वेचत होत्या, थंडी अजून उन्हातून गेली नव्हती. रोजची सकाळ. जसजसं शहर मागे पडत गेलं तसतसा श्वास मोकळा होत गेला, आणि मग लाज वाटली, कारण माझा श्वास मोकळा होतोय, माझा, आणि तिकडे एक यंत्र... मी पळतोय का? नाही. मी लोखंड आणायला चाललोय. बापानं आणायचं असतं.

देवाजीनं पोत्यावर सहा-सात पाती टाकली. काळी, ओबडधोबड, भट्टीच्या खपल्या अजून अंगावर असलेली. आलोक उकिडवा बसला आणि निवडायला लागला. किती बरं वाटत होतं ते! एक उचलायचा, मुठीत धरायचा, बोटं कुठे येतात ते बघायचं, पातं डोळ्यासमोर आडवं धरून वाक आहे का ते बघायचं. हा नको, पाठ गोल आहे. हा जड आहे, हात भरून येईल. ह्याची मूठ नंतर लावलीय, लोखंड अर्ध्यातच संपतंय, दोन फटक्यांत निखळेल. हा चांगला होता, पण टोक फार निमुळतं, लाकडात घातलं तर मोडेल... कुठल्या लाकडात? कोण घालणार होतं लाकडात? उशाखाली ठेवायच्या चाकूचं टोक मोडतं कसं? पण हात थांबेना. पहिला परत उचलला, परत ठेवला. जोवर निवडतोय तोवर मला कुठे जावं लागत नाही.

ते मघापासून चोरपावलांनी येणारं कारण आता समोर येऊन बसलं होतं, देवाजीच्या शेजारीच, पोत्यावर.

“कायले पाह्यजे तुमाले?” देवाजीनं विचारलं. त्याची भट्टी थंड पडत चालली होती आणि आवाजात वैताग होता. “बकरा कापाले का रानात न्याले? सांगा, तसा देतो. इतकं तर लोक बैल घेतानी नाही पाहत.”

“पाचवीला.”

देवाजीचा वैताग चेहऱ्यावरून उतरला. “मंग आधीच सांगा ना! मी मनलं, हे सायेब काऊन उलटसुलट करून राह्यले...” त्यानं पात्यांतलं एक ओढून घेतलं, धोतराला पुसलं. “पोरगा का पोरगी?”

“मुलगी.”

“झकास! लक्षुमी आली. कोनावर गेली? मायवर का तुमच्यावर?”

हा प्रश्न सगळेच विचारतात. शेजारीपाजारी विचारतात, रस्त्यात भेटलेला माणूस विचारतो, उत्तर कोणी ऐकूनही घेत नाही. आलोकनं तोंड उघडलं. आणि तिथे काहीच नव्हतं.

त्यानं आठवायचा प्रयत्न केला. पेटी आठवली. पेटीवरचा चिकटपट्टीचा तुकडा, त्यावर अदितीचं नाव. पडद्यावरची हिरवी रेघ, तिची प्रत्येक चढण. नळीत साठलेले पाण्याचे थेंब. पायाच्या अंगठ्याला गुंडाळलेला लाल दिवा, हो, अंगठा आठवत होता, दिव्यामुळे. पण चेहरा? नाक कसं आहे? केस आहेत का? डोळे कधी उघडले होते का? एवढ्या वेळा मी तिथे उभा राहिलो, रोज, वेळ संपली म्हणून बाहेर काढेपर्यंत उभा राहिलो, आणि मी तिला पाहिलेलं नाही. अदितीनं हेच विचारलं होतं. बघितलंस तिला? आणि मी म्हणालो, नव्वद.

“सायेब?”

“माहीत नाही,” तो म्हणाला. “पाहिली नाही अजून.”

देवाजीला काय समजलं कोण जाणे. बाळंतपण माहेरी, दूरगावी झालं असं वाटलं असेल. “जा मंग लवकर,” तो सहज म्हणाला, आणि ते पातं जुन्या कागदात गुंडाळून त्याच्या हातात न देता खाली पोत्यावर ठेवलं, धारेची वस्तू हातोहात देऊ नये म्हणून. आलोकनं ते उचललं. पाठ गोल होती की चौकोनी, हे त्यानं बघितलं नाही.

परतीच्या रस्त्यावर तो वेगात होता. कागदातला चाकू शर्टाच्या आत, पोटाशी, पट्ट्यात खोचलेला. काटकुळी असेल. काळी असेल, बाबांसारखी. अदितीची हनुवटी असेल, नाहीतर आईचं ते रुंद कपाळ... कपाळ. आज त्या कपाळावर कोणीतरी लिहून जाणार आहे म्हणतात, आणि बापानं ते कोरं कपाळ एकदाही पाहिलेलं नाही. काय आणलंस, आलोक? लोखंड आणलं. कोणासाठी? आणि इथे त्याला ब्रेक लावावा लागला, कारण समोरचा रस्ता दिसेनासा झाला होता.

कापसानं भरलेला ट्रॅक्टर त्याला ओलांडून गेला. मागे राहिलेल्या शांततेत खिशातला फोन वाजत असलेला ऐकू आला. कधीपासून वाजत होता, देव जाणे.

बाबांचा होता.

बाळ झाल्यापासून फोन वाजला की त्याच्या मनात एक वाक्य यायचं. ते त्यानं कोणालाच सांगितलं नव्हतं, अदितीला तर नाहीच, स्वतःलाही पूर्ण ऐकू दिलं नव्हतं. एकदाचं काय ते होऊन जाऊ दे. हे किंवा ते. जगू दे किंवा... पण हे ताटकळणं संपू दे. असं वाक्य येणाऱ्या माणसाला बाप म्हणतात का? पण ते यायचं, प्रत्येक वेळी, पहिल्याच घंटीबरोबर, आणि त्याच्यामागून एक घाणेरडी सुटका पाझरायची. आता तो त्या वाक्याची वाट बघत उभा राहिला. ते आलं नाही. त्याच्या जागी जे आलं ते इतकं मोठं होतं की मोटरसायकलच्या टाकीला धरून उभं राहावं लागलं. भीती. आकडे नसलेली, कशातच न मोजता येणारी, निव्वळ भीती. इतके दिवस वाटत होती ती हिची सावलीसुद्धा नव्हती. तेव्हा हरण्यासारखं त्यानं काही जवळ घेतलंच नव्हतं.

नको, तो पुटपुटला. एवढ्यात नको. मला दिसली नाही अजून.

आणि मग मोठ्यानं, लेकीला, कापसाच्या शेताकडे तोंड करून, बँकेत कधी न वापरलेल्या, आईनं लहानपणी शिकवलेल्या बोलीत, “थांब वो माय. मी येऊन राह्यलो. थांब जराशी.”

वेचणाऱ्या बायकांतली एक मान वर करून बघायला लागली. फोन वाजतच होता. काय ऐकायला मिळेल ते त्याला माहीत नव्हतं, आणि अंगठा पडद्यावर टेकवताना त्याला निकाल नको होता, सुटका नको होती. हवं होतं ते एवढंच, की तिकडे अजून काहीच संपलेलं नसावं.