चाकाखाली सांडलेलं नारळाचं पाणी

मित्रांनो, मी सोलापुरातल्या एका टॉवेलच्या कारखान्यात सूत वाहणारा जुना रोबो आहे. मी जन्मापासून भित्रा नव्हतो. नंतर झालो.

पॉलिटेक्निकात शिकणाऱ्या शगुफ्तानं मला तिथेच घडवलं. मला दोन मोठी चाकं, प्रत्येकाला वेगळी मोटार आणि पोटाखाली एक डोळा आहे. सरळ जाताना डोळ्यानं फरशीवरची काळी पट्टी पाहायची. वळताना मात्र चाकांचे फेरे मोजायचे. उजव्या चाकाचे तीन फेरे झाले, की डावं वळण पुरं. मोजणीत मी कधी चुकत नसे, आणि त्याचा मला भारी तोरा होता.

मागासाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या चंद्रव्वा मावशींचे गुडघे पार गेले होते. त्यांचं सूत मी आणू लागलो. मला कायम ठेवायचं की नाही, हे मालक राजशेखर खंडेनवमीला, म्हणजे यंत्रांच्या पूजेच्या दिवशी, ठरवणार होते.

त्या दिवशी मावशींनी मला हळदकुंकू लावलं, माझ्यापुढे नारळ फोडला आणि त्या कामाला बसल्या. मी सूत घेऊन निघालो. वळणावर उजवं चाक नारळाच्या पाण्यात जागच्या जागी गरगरलं. तीन फेरे झाले. वळलो, असं समजून मी पुढची पट्टी शोधत सरळ सुटलो आणि समोर मावशी! त्यांना उठता येईना. काळजात धस्स होणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. शगुफ्तानं धावत येऊन लाल बटण दाबलं. मी त्यांच्या गुडघ्यांपासून वीतभर अंतरावर थांबलो.

"हे धूड उद्याच भंगारात घाला!" मालक ओरडले.

"न्हाय मालक, नारळ म्याच फोडला की. पाणी पुसायचं ऱ्हायलं," मावशी म्हणाल्या. "ह्यो गेला तर सूत कोन आणायचं? मला व्हत न्हाय आता."

शगुफ्ता रडवेली झाली होती. "चूक माझी आहे, सर. वळताना पट्टीकडे बघायचं मी त्याला शिकवलंच नाही. दोन दिवस द्या."

मालकांनी कुरकुरत दिले. तेव्हापासून मी फेरे मोजतो आणि पट्टीही पाहतो. दोन्हींचं जुळलं नाही, तर जागीच थांबतो. त्यामुळे कामाला उशीर होतो, बोलणीही खावी लागतात.

मित्रांनो, आमची पूजा जरूर करा, पण आमची चाकंही पुसत जा. आता मावशी नारळ उंबऱ्याबाहेर फोडतात आणि पदरानं माझी चाकं कोरडी करतात. मग माझ्याकडे पाठ करून निर्धास्त कांड्या भरत बसतात. मला सगळ्यात जास्त भीती तेव्हाच वाटते.