रेडिओला आला ताप

काष्टीच्या बाजारादिवशी बाजारापेक्षा जास्त गर्दी झुंबरबाईंच्या ओसरीवर होती. कारण काय, तर रेडिओला ताप आला होता!

रेडिओ चार्जिंगचा. झुंबरबाईंचा मुलगा नितीन ट्रकवर ड्रायव्हर. त्यानं तो मुंबईहून आणलेला. दोन महिन्यांपूर्वी त्याचं लग्न झालं, सून म्हणून धनश्री घरात आली आणि तेव्हापासून रेडिओ प्लगला लावला की चटके देऊ लागला. बायका रांगेनं त्याला हात लावत होत्या, 'अगं आई गं' करत होत्या आणि समोरच्या ताटात नारळ ठेवत होत्या. ताटामागं मच्छिंद्रबुवा बसले होते, कपाळभर शेंदूर फासून.

"देवी कोपलीय!" बुवा गरजले. "ह्या पोरीचा पायगुन वंगाळ हाय. हिला आजच माहेरी धाडा, न्हाईतर घर पेटंल!"

नितीन ट्रक घेऊन गुजरातेत. धनश्री भरल्या पिशवीशेजारी उभी होती. तिच्या माहेरचा, शेवगावचा टेम्पो चारला निघणार होता, आणि एकदा अशी परत धाडलेली पोर पुन्हा कुणी नांदवायला आणत नाही, हे तिलाही कळत होतं.

शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या जयमालाबाई भाजीची पिशवी घेऊन गर्दीत थांबल्या. असले बुवा त्यांनी पायलीचे पन्नास पाहिले होते. त्यांना किळस बुवाची नव्हती तेवढी रांगेची होती. त्या रांगेत त्यांचेच दोन माजी विद्यार्थी होते.

"आता बघा देवी शांत करतो," म्हणत बुवांनी प्लग काढला, 'देवीची वस्त्रं' उतरवली आणि अर्धा तास मोरपिसांचा वारा घातला. रेडिओ गार! ओसरी जयजयकारानं दणाणली.

जयमालाबाईंनी ती 'वस्त्रं' उचलून पाहिली. रेडिओचं कव्हर होतं ते. जाड, तीन पदरी, गोधडीसारखं दाट टाके घातलेलं, वर आरसे. धनश्रीनं रुखवतात मांडायला महिनाभर खपून शिवलेलं. रुखवताची वस्तू, म्हणून झुंबरबाई ते कधीच काढत नव्हत्या.

"बुवा, झोळीतून डोकावतेय ती हातबॅटरी चार्जिंगची ना? रोज चार्ज करता?"

"व्हय, सकाळीच फुल केलीय. का वो?"

"द्या जरा. तुमची बॅटरी तर पवित्रच असणार."

लोकांदेखत नाही म्हणता येईना. बाईंनी त्या बॅटरीला ते कव्हर घातलं आणि प्लगला लावली. शेजारी रेडिओ लावला, उघडाच. दोन तास त्या तिथून हलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "रतनबाई, लावा हात."

शेजारच्या रतनबाईंनी रेडिओ चाचपला. "कोमट हाय नुसता." बॅटरीला हात लावला आणि त्या किंचाळल्या. "आगं बया, भाजलं की!"

"आता बुवांच्या सुनेलाही माहेरी धाडायचं का?"

लोक हसले. बुवा चाचरले, "देवी... देवी बॅटरीत शिरली!"

"देवी कशाची? रेडिओ असो नाहीतर हातबॅटरी, आतला सेल चार्ज होताना तापतोच. तो भरल्यावरही प्लग तसाच ठेवला, तर येणारी वीज नुसती उष्णता होते. उघड्यावर ती हवेत निघून जाते, ह्या गोधडीत कोंडते. तुम्ही प्लग काढलात, गोधडी उतरवलीत, वर वारा घातलात. गार नाही होणार तर काय?"

बुवांनी झोळी उचलली. बॅटरी मागायचंही त्यांना सुचलं नाही.

"मंग चूक हिचीच की!" झुंबरबाई फणकारल्या. "कवर हिनंच शिवलंय न्हवं?"

तेव्हा धनश्री पहिल्यांदा बोलली. "आत्याबाई, मी दुसऱ्याच दिवशी म्हनले हुते, लई तापतंय, कवर काढून लावा. तुमी म्हनला, कालची आलेली आमाला शिकवती व्हय?"

ओसरीवर कुणी हसलं नाही. झुंबरबाईंनी पदर तोंडाला लावला. जयमालाबाईंचा राग मात्र ओसरला नव्हता.

"ऐकलंत? खरं सांगणारी घरातच होती, तिला तुम्ही घालवायला निघालात. झुंबरबाई, आधी तिची माफी मागा. आणि बाकीच्यांनो, माझंसुद्धा ऐकू नका. घरी जा, स्वतः करून बघा, मग माना. त्याला अक्कल लागते, नारळ लागत नाही."