पाठीपुरतं मलम

आमच्या घरात अबोला होता, पण म्हणून शांतता होती असं समजू नका. बोलणं रोज व्हायचं, फक्त एकमेकांशी नाही. मी भिंतीला सांगायचे, "ज्याला जेवायचं असेल त्यानं हात धुवावेत." हे कपाटाला सांगायचे, "मीठ जास्त झालंय. कुणाला राग येणार नसेल तर सांगतो." राग यायचाच. मग मी ताट जरा जोरात आपटायचे.

कारण काही पोरकट नव्हतं. माझी धाकटी बहीण आजारी होती, जरा विसावा मिळावा म्हणून माझ्याकडे आली. आणि हे तिच्यादेखत म्हणाले, "ही काय धर्मशाळा आहे?" तिनं पिशवी उचलली आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेली. पुढे त्याच दुखण्यात ती गेलीच. उशाशी पाणी द्यायलाही कुणी नव्हतं. तेव्हापासून मी या माणसाचं तोंड बघणं सोडलं. वाढताना ताटाकडे बघायचं, दार उघडताना कडीकडे. माझा हट्ट म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा. दोन हिवाळे तसेच काढले.

हे किल्ल्या बनवतात. चौकात दुकान, दुकान कसलं, खोकंच ते. दिवसभर कानस घेऊन पितळ घासत बसायचे. शेजारीण थट्टेनं म्हणायची, "सगळ्या गावाची कुलपं उघडतात, तुमचं तोंड तेवढं उघडता येत नाही." तिला हसू यायचं, मला नाही.

या दुसऱ्या हिवाळ्यात ह्यांना खाज सुटली. दाराच्या चौकटीला पाठ लावून म्हशीसारखे घासत उभे राहायचे. मी म्हटलं, घासू दे. मग बनियन धुताना पाठीच्या बाजूला रक्ताचे ठिपके दिसले आणि मला राहवेना. राग धरायचा तरी समोर माणूस धडधाकट हवा ना!

औषधाच्या दुकानातल्या भाऊंनी कोरड्या त्वचेचं औषधी मलम दिलं आणि नीट बजावलं. "आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून बघा. आग झाली, पुरळ आलं तर वापरू नका. आंघोळीला कोमट पाणी, कढत नको. अंग टिपून जरा ओलसर असतानाच लावायचं. कातडी फुटली असेल तिथे नाही. आणि ताई, दोन आठवड्यांत खाज थांबली नाही तर सरळ डॉक्टर गाठा. मलमावर मलम थापत बसू नका."

घरी येऊन मी हे सगळं भिंतीला जसंच्या तसं सांगितलं. वर आणखी सांगितलं, "मलम मुरलेले कपडे घालून शेगडीपाशी जाऊ नये. चटकन पेटतात म्हणे."

"पाठीला हात पोचत नाही," हे कपाटाला म्हणाले. "तिथे कसं लावायचं?"

कपाट काय लावणार होतं? मीच गेले.

मग रोजचंच झालं ते. संध्याकाळी दुकानातून आले की आंघोळ करायचे आणि स्टुलावर बसायचे. मी मागे उभी. खांद्याखालचा तो तीळ मी विसरूनच गेले होते. एरवी हा माणूस दोन मिनिटं एका जागी बसायचा नाही, सारखं काहीतरी खुडबुड, ठोकाठोक. पण मी हात लावला की दगड व्हायचा. एकदा तर मला वाटलं, झोप लागली. वाकून बघायला हवं होतं. नाही बघितलं.

कोंडा गेला, कातडी मऊ पडली. मलम चांगलंच होतं. पण ओरखडे रोज नवे. मी ते टाळून हात फिरवायचे आणि भिंतीला विचारायचे, "खाज थांबली का कुणाची?"

"कमी आहे," कपाटाला उत्तर मिळायचं. "अजून थोडे दिवस लावावं लागेल."

दोन आठवडे झाले तशी मी म्हटलं, "आता माणसानं डॉक्टरला दाखवावं."

"कशाला? गुण येतोय की. एकदम कसा येईल?"

मला ते पटलं. पटवून घेतलं म्हणा. मी दुसरी ट्यूब आणली, पुढे तिसरी. ह्यांचं जेवण कमी झालं, तेही ताटातच दिसलं मला. त्यावरून मी भिंतीला चार शब्द सुनावले, माझ्या हाताला काय विष लागलंय का म्हणून.

एक दिवस चादर बदलायला गादी उचलली तर खाली कानस. किल्ल्या घासायची. फडक्यात गुंडाळलेली, आणि दात्यांत रक्त वाळलेलं. गुण येतोय म्हणत होता, आणि मी वळले की लोखंडानं अंग घासत होता! असं डोकं फिरलं माझं. ते आल्यावर भिंतीला ओरडूनच सांगितलं, "उद्या डॉक्टर. कुणाचं काही ऐकणार नाही." ह्यांनी कपाटातून धुतलेला सदरा काढून ठेवला.

सकाळी निघालो. कुठल्या डॉक्टरला दाखवावं ते विचारायला म्हणून आधी औषधाच्या दुकानात शिरले. हे बाहेर पायरीवर उन्हात उभे होते. भाऊंनी माझ्या खांद्यावरून बाहेर बघितलं आणि हातातलं काम ठेवलं.

"ताई, यांचे डोळे कधीपासून असे पिवळे आहेत?"

मी वळून बघितलं. दोन हिवाळ्यांत पहिल्यांदा. डोळे पिवळेजर्द, गाल आत गेलेले, गळ्याची हाडं वर आलेली. मला क्षणभर ओळखच पटेना. रोज संध्याकाळी मी या माणसाच्या अंगाला हात लावत होते. दिव्याच्या पिवळ्या उजेडात मला पाठ पिवळी दिसली नाही, आणि तोंड मी बघत नव्हते.

इस्पितळात तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाई वयानं लहान होती, पण नीट समजावून सांगत होती. पित्ताची नळी आत गाठीनं दबलीये. खाज त्याची आहे, कातडीची नाही. वरून कितीही मलम लावलं तरी ती जायची नाही. नळी मोकळी करून खाज कमी करता येईल, पण गाठ पसरली आहे, ती आता काढता येणार नाही.

"आधी आला असतात तर काहीतरी करता आलं असतं," ती म्हणाली. "काका, इतके दिवस खाज थांबत नव्हती, तरी सांगितलं का नाहीत?"

ह्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. ती दुसऱ्या रोग्याकडे गेली. मग हे खिडकीला म्हणाले, "थांबली म्हटलं असतं, तर कुणीतरी मलम लावायचं बंद केलं असतं. नाही थांबली म्हटलं असतं, तर डॉक्टरनं गोळ्या दिल्या असत्या. तरी बंदच झालं असतं."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. मेल्या माणसाला जीव गेला तरी चालेल, पण तोंड उघडून मागायचं नाही! आणि मागणार तरी कुणाकडे? भिंतीकडे? मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं. मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही.

"अहो," मी म्हटलं. "इकडे तोंड करा."

त्यांनी वळायला वेळ लावला. सवय नव्हती.

"माझ्या बहिणीला घालवलंत, ते मी विसरलेले नाही. विसरणारही नाही."

"माहिती आहे मला," ते म्हणाले. मला म्हणाले, खिडकीला नाही. "मीही विसरलो नाही."

पिशवीत अर्धी ट्यूब होती. नर्स म्हणाली, "आजी, त्याचा काही उपयोग नाही आता."

"ठाऊक आहे गं," मी म्हटलं आणि टोपण काढलं. हे सवयीनं पाठ करून बसायला लागले. मी दंड धरून थांबवलं.

"पाठ राहू द्या. आज हात द्या, समोर बसून."